ही दया की हात झटकणे?

होटगीच्या एखाद्या शेतमजुराचा मुलगा येरवडा कारागृहात शिक्षा भोगत आहे आणि तेथेच त्याची मूत्रपिंडे निकामी झाली, अशी कल्पना करावी. शासन उदार होऊन त्याला पॅरोलवर घरी धाडते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, त्यासाठी सोलापूरच्या फेऱ्या, महागडी औषधे, बुडालेली मजुरी हा सारा भार त्या दिवसापासून बापाच्या शिरावर येतो. याला दया म्हणायचे की हात झटकणे?

आणीबाणीची झळ सोसलेल्या घरांना तरी हा प्रश्न परका वाटू नये. २६ जून १९७५ रोजी अटक झालेल्या जयप्रकाश नारायण यांची प्रकृती चंदीगडच्या स्थानबद्धतेत ढासळली. ती चिंताजनक होताच, नोव्हेंबरमध्ये त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. पुढे डायलिसिसच्या यंत्रासाठी जनतेने वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी पाठविलेली रक्कम जयप्रकाशजींनी परत केली. ज्या सत्तेच्या कोठडीत देह खंगला, त्या सत्तेवर उपचारांचे ऋण होते. तिने दान देऊ केले! जयप्रकाशजींच्या पाठीशी देश उभा होता. होटगीच्या पोराच्या पाठीशी कोण आहे?

१८९४ च्या कारागृह कायद्याने तुरुंगात आजाऱ्यांसाठी रुग्णालय वा योग्य जागा असणे बंधनकारक केले. तो कायदा तर परकीय सत्तेचा होता! रुग्ण निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचविणे हे कर्तव्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात बजावले. तरीही देयक कोणी भरावे, हे आजही प्रसंगागणिक ठरते. एल्गार परिषद प्रकरणातील वरवरा राव यांना २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयात हलविले, ते राज्याच्या खर्चाने; त्याच प्रकरणातील स्टॅन स्वामी यांना २०२१ मध्ये हलविले, ते स्वखर्चाने. या मंडळींच्या विचारांशी कोणाचे कितीही वैर असो. एकच प्रकरण, एकच तळोजा कारागृह आणि खर्चाचे दोन न्याय, हे कोणत्या नियमात बसते?

‘गुन्हेगारांवर करदात्यांचा पैसा का उधळायचा?’ हा आक्षेप ठरलेलाच. न्यायालयाने शिक्षा दिली ती स्वातंत्र्य हिरावण्याची, उपचारांवाचून मरण्याची नव्हे. अटक होताच छातीत कळ येणारे पुढारी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांची सोंगे उघडी पाडण्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय मंडळ नेमावे. त्यांच्यापायी खऱ्या रुग्णाची वाट अडवू नये.

मंडळाने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा, पॅरोलच्या आदेशातच घराजवळच्या शासकीय रुग्णालयाचे नाव असावे आणि कोठडीत जडलेल्या वा तेथे बळावलेल्या आजाराचा खर्च सुटकेनंतरही राज्याने उचलावा. एवढे केल्याविना दिलेला पॅरोल म्हणजे तुरुंगातील मृत्यूची नोंद होटगीच्या दप्तरात ढकलणे होय.