गिरणीच्या जमिनीचा धडा

‘उद्योगोत्तर अर्थव्यवस्था’ म्हणे! जणू ऋतू पालटावा तशा मुंबईच्या गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपाने कामगार खचला हे खरे. पण जमिनीचा निकाल सरकारी लेखणीने लावला. १९९१ च्या नियमाने पुनर्विकासात महापालिका, म्हाडा व मालक असे ढोबळ तीन वाटे होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी मोकळ्या जागेपुरतीच उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परळात मॉल उभे राहिले.

त्याच १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला होता. २०२४ मध्ये वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. रोजगाराच्या आश्वासनांआधी मसोलीच्या साथींनी जमिनीचे नकाशे मागावेत, आणि मच्छीमार-आदिवासींचा वाटा लेखी मागावा.