कड्यावरचा देव आणि माणसाचा अंदाज

दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे कड्यावरच्या गणपतीची एक आख्यायिका सांगितली जाते. मूळ देऊळ समुद्रकाठी होते. समुद्राचे आक्रमण झाले तेव्हा देव कड्यावर जाऊन बसला आणि जाताना त्याचे पाऊल खडकावर उमटले, अशी ती कथा आहे. तिच्यात इतिहास किती, हा प्रश्न वेगळा. परंतु समुद्राचे भय केवळ आठवणीवर न सोपविता ते दगडात बांधून ठेवावे, हे त्या कथेतले शहाणपण मात्र निःसंशय खरे आहे.

हे शहाणपण आज आठवावे असे घडलेही आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या तडाख्याने दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवरील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. म्हणजे त्या दिवशी केवळ झाडे पडली नाहीत, घरोघरचे पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न पडले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ‘निसर्ग’ची जखम ओली होती. पण नोव्हेंबर २००९ मध्ये येऊन गेलेल्या ‘फयान’ची आठवण आज किती घरांत निघते? समुद्र तोच, किनारा तोच. बदलतो तो केवळ आठवणीचा ताजेपणा.

माणसाच्या या स्वभावाचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला, ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन २७ मार्च २०२४ रोजी नव्वदाव्या वर्षी निवर्तले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात असताना त्यांनी आपले सहकारी अमोस ट्वर्स्की यांच्यासह माणूस निर्णय कसा घेतो याचा शोध आरंभिला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा इत्यर्थ असा की, एखादी घटना किती संभवनीय आहे हे माणूस मोजत नाही. ती किती सहज आठवते यावरून तो ठोकताळा बांधतो. भूकंपानंतर कॅलिफोर्नियात विमा उतरविणाऱ्यांची संख्या वाढते आणि आठवण पुसट होताच ओसरते, याचे इंगित हेच. नफ्याच्या सुखापेक्षा तोट्याचे दुःख अधिक बोचते, या १९७९ सालच्या त्यांच्या सिद्धान्ताने अर्थशास्त्राचाही पाया हलविला. २००२ साली कानेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की त्यापूर्वीच, १९९६ साली, कालवश झाले होते.

हा दोष अडाण्यांचा, शिकलेल्यांचा नव्हे, असे कोणी समजू नये. कानेमन यांनी आपलीच फजिती सांगितली आहे. निर्णयशास्त्राचे शालेय पाठ्यपुस्तक तयार करण्यासाठी त्यांनी एक मंडळ जमविले. काम दोनएक वर्षांत संपेल असा सर्वांचा अदमास होता. त्याच मंडळातील एका जाणकाराला अशा इतर मंडळांचा अनुभव विचारला, तेव्हा त्याने सांगितले की सुमारे चाळीस टक्के मंडळांचे काम तडीसच गेले नाही आणि ज्यांचे गेले त्यांना सात वर्षांहून कमी काळ लागला नाही. हे ऐकूनही काम तसेच रेटले गेले. पुस्तकाला आठ वर्षे लागली आणि ते वापरात आलेच नाही. निर्णयातील चुका शिकविणारे पंडितही त्या चुकांतून सुटले नाहीत!

येथे एक आक्षेप संभवतो. हर्णैचा कोळी आभाळ पाहून होडी लोटतो, त्याचा अनुभव काय व्यर्थ? मुळीच नाही. गॅरी क्लाइन यांच्यासह २००९ साली लिहिलेल्या निबंधात कानेमन यांनीच त्याचे उत्तर दिले आहे. जेथे परिस्थितीत काही नियमितपणा असतो आणि चूक लगेच कळते, तेथे अनुभवी माणसाची अंतःप्रेरणा विश्वासार्ह ठरते. रोजचा वारा रोज शिकवितो. दहा-अकरा वर्षांनी येणारे वादळ मात्र कोणाचाच गुरू होऊ शकत नाही.

मग उपाय कोणता? उपदेश हा नव्हे. वर्षानुवर्षे अभ्यास करूनही आपली अंतःप्रेरणा फारशी सुधारली नाही, अशी प्रांजळ कबुली कानेमन यांनी दिली आहे. त्यांनी सुधारली ती पद्धत. एका विद्यार्थ्याची अख्खी उत्तरपत्रिका सलग तपासली, तर पहिल्या उत्तराची छाप पुढल्या गुणांवर पडते, हे ध्यानी येताच ते सर्वांचे पहिले उत्तर, मग सर्वांचे दुसरे, अशा क्रमाने तपासू लागले. तरुणपणी इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखतींसाठी त्यांनी सहा गुणांचे स्वतंत्र मोजमाप ठरवून दिले, तेव्हा आपल्याला यंत्रे बनविले जात आहे अशी मुलाखतकारांची तक्रार होती. पण निवड पूर्वीपेक्षा अधिक अचूक होऊ लागली.

आंजर्ल्यालाच काय, अवघ्या कोकण किनाऱ्याला घेण्याजोगा धडा तो हाच. प्रत्येक वादळात पाणी कोठवर आले, कोणती झाडे तगली, कोणती छपरे उडाली, याची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी, १ मेच्या ग्रामसभेत, ती दरवर्षी वाचली जावी. विम्याचा हप्ता आणि छपराची डागडुजी भीतीवर नव्हे, तारखेवर ठरावी. यास मोठा खर्च लागत नाही. लागतो तो नेम. वादळ विस्मरणात गेलेल्या वर्षी हा नेम निरर्थक वाटेल, आणि नेमकी त्याच वर्षी त्याची खरी गरज असेल.

भीती ओसरल्यावरही टिकते तीच खरी सावधगिरी. आंजर्ल्याच्या देवाने कड्यावर जाताना केले ते हेच!