‘आमचं तसं काही नाही’, कुत्रा मात्र दोघांचा

एटीकेटी हे आमच्या कॉलेजमधल्या कुत्र्याचं नाव. परीक्षा आली की हा गायब. सगळे म्हणायचे, ‘गेला बहुतेक’. आणि निकालाच्या आसपास कँटीनच्या पायरीवर पुन्हा हजर! तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. उभ्या कानाला व्ही आकाराची खाच, म्हणजे महापालिकेकडून नसबंदी झालेली.

त्याला रोज खायला घालणारे दोघं. ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, तो बीएच्या. सकाळचा भात-अंडं तिच्याकडे, संध्याकाळची पोळी-दूध त्याच्याकडे. नसबंदीसाठी नेलेला एटीकेटी ज्या दिवशी गाडीतून परत यायचा होता, त्या दिवशी दोघं गेटबाहेर तीन तास उभे होते. मध्ये चार कटिंग झाले. आमच्या ग्रुपच्या मते ती त्यांची पहिली डेट. त्यांच्या मते, ‘आमचं तसं काही नाही’.

हे वाक्य त्यांनी दीड वर्ष टिकवलं. दोघांचा डीपी एटीकेटीसोबतचा, फोटो एकमेकांनीच काढलेले. ती फोनवर म्हणणार, ‘अरे, तुझ्या लेकाने आज परत चप्पल पळवली.’ तो म्हणणार, ‘तुझ्यावर गेलाय.’ पण कुणी विचारलं, ‘काय चाललंय?’ की दोघं एका सुरात तेच वाक्य. याला आता सिच्युएशनशिप असा शब्द आहे. माझ्या आजीच्या भाषेत, ‘धड ना इकडे, धड ना तिकडे’.

हे सगळं सुखाने चाललं असतं. मध्ये सुप्रीम कोर्ट आलं.

हसू नका, खरंच आलं. 11 ऑगस्ट 2025 रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवा, पुन्हा रस्त्यावर सोडू नका, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथला आहे तिथेच परत सोडा, रेबीज झालेला किंवा आक्रमक असेल तर नाही. पण रस्त्यावर वाट्टेल तिथे खायला घालायचं नाही, त्यासाठी ठरावीक जागा करायच्या. मग 7 नोव्हेंबरला आपल्या सगळ्यांच्या दारात येणारा आदेश आला. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडा संकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा, आवारांना कुंपण घाला, आणि नसबंदी-लस झाल्यावरसुद्धा त्यांना त्याच जागी परत आणू नका.

म्हणजे एटीकेटीच्या कानाची खाच आता पुरेशी नव्हती. ऑगस्टच्या नियमाने तो कँटीनच्या पायरीवर परत आला असता, नोव्हेंबरच्या नियमाने नाही.

कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांना राग येईल, पण या आदेशांमागचं कारण फालतू नाहीये. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीप्रमाणे 2024 मध्ये देशात कुत्रा चावण्याच्या 37 लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यात सगळ्यात वरचा नंबर महाराष्ट्राचा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. आमच्याच कॉलेजात पार्किंगमधून चालायला घाबरणाऱ्या मुली होत्या. एटीकेटी आमच्यासाठी ‘क्यूट’ होता, त्यांच्यासाठी तो फक्त एक कुत्रा होता. त्यांना आम्ही दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं.

मला या आदेशांमधली वेगळीच गोष्ट इंटरेस्टिंग वाटते. आपल्यातल्या हजारो जणांचं गल्लीतल्या कुत्र्यांशी असलेलं नातं हे एक प्रकारचं सिच्युएशनशिपच होतं. बिस्किट द्यायचं, लाड करायचे, रील टाकायची. आजारी पडला तर? कुणाला चावला तर? मग तो ‘सोसायटीचा’, ‘कॉलेजचा’, ‘महापालिकेचा’. कोर्टाने एवढंच विचारलं: तुमचं नक्की काय आहे? 22 ऑगस्टच्या आदेशात तर थेट सोय आहे. कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर महापालिकेकडे अर्ज करा. पण घेतल्यावर तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. शिवाय या प्रकरणात कोर्टात आलेल्या प्रत्येक श्वानप्रेमी व्यक्तीने 25 हजार आणि प्रत्येक संस्थेने 2 लाख रुपये जमा करावेत, असंही सांगितलं. प्रेम आहे ना? मग डिपॉझिट भरा. घरमालकांची भाषा कोर्टाला चांगली जमते.

घरमालकांवरून आठवलं. कॉलेजात नोटीस लागली तेव्हा दोघांनी ठरवलं, एटीकेटीला घ्यायचं. ठरवायला दहा मिनिटं लागली. दीड वर्ष जे जमलं नव्हतं, ते कुत्र्याच्या बाबतीत दहा मिनिटांत! पण ठेवायचा कुठे? ती पीजीमध्ये, तो तिघांसोबत वन बीएचकेमध्ये. फ्लॅट शोधायला लागले तर ब्रोकरचे प्रश्न ठरलेले. फॅमिली का? लग्न झालंय का? नॉनव्हेज खाता का? आणि शेवटी, ‘कुत्रा? मग विसरा.’ सोसायटीने कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, अगदी बहुमताने ठराव करूनसुद्धा नाही, असं प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक सांगतं. पण परिपत्रक दाखवून आजवर कुणाला फ्लॅट मिळालाय? घरमालक काका वाद घालत नाहीत, फोन उचलणं बंद करतात.

इथे एक गणित करून बघा. आपल्याकडे घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, तिथून ही सवय आली. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच, तरी आकडा चिकटलाय तो चिकटलाय. इंटर्नशिप सहा महिन्यांची. पहिली नोकरी प्रोबेशनवर. आणि तीन वर्षांचा, नीट सांभाळलेला कुत्रा अजून दहा वर्षं सहज जगतो. म्हणजे अकरा महिन्यांचे साधारण अकरा करार. अकरा वेळा ‘काका, तो चावत नाही हो’.

म्हणून ‘ही पिढी कमिटमेंटला घाबरते’ असं कुणी ठोकून दिलं की माझी सटकते. पहाटे सहाला उठून अंडी उकडणारी मुलगी जबाबदारीला घाबरत नाही. तिला भीती आहे ती शब्दाची. ‘आमचं आहे’ म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला आडनाव, जात, पॅकेज, घरी सांगितलं का, हा सगळा पॅनल बसतो. एटीकेटीने यातलं काहीच विचारलं नव्हतं. दोघांना एकमेकांबद्दल जे वाटतं ते त्याच्या नावावर जमा करता येत होतं, बिनव्याजी.

पण यातला धोकाही सांगते. नातं तुटलं की कुत्र्याचं काय? आपल्या कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रा ही वस्तू, मालमत्ता. मुलांचा ताबा ठरवायला कायदा आहे, कुत्र्याचा ठरवायला नाही. स्पेनने 2022 पासून प्राण्यांना ‘संवेदनशील जीव’ मानलं. तिथे जोडपं वेगळं झालं तर त्याचं हित बघून दोघांकडे वाटून सांभाळही ठरवता येतो. आपल्याकडे कधीमधी एखादा न्यायाधीश वाट काढतो. 2023 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कोर्टाने कौटुंबिक हिंसाचाराच्या एका प्रकरणात 55 वर्षांच्या महिलेला अंतरिम पोटगी देताना तिच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचाही विचार केला. तुटलेल्या नात्यांनी पडलेली पोकळी पाळीव प्राणी भरून काढतात, असं मत तेव्हा कोर्टाने नोंदवलं.

आणि ब्रेकअपनंतर कुत्र्याला सरळ हायवेवर सोडून दिलं तर? गुन्हा आहे. उपाशी-तहानेलं राहील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड? 10 ते 50 रुपये. दोन वडापाव. पन्नास रुपयांत दहा वर्षांच्या जबाबदारीतून मोकळं होता येत असेल, तर कमिटमेंटला खरं कोण घाबरतंय, पिढी की कायदा?

असो. तर फ्लॅट. बावीस ठिकाणी नकार आल्यावर तेविसाव्या ठिकाणी एक निवृत्त बाई भेटल्या. गावाकडे स्वतःचे दोन कुत्रे होते म्हणे. त्यांनी लग्नाचं विचारलं नाही. खंडोबाच्या पायाशीसुद्धा कुत्रा असतोच की, म्हणाल्या, फक्त भिंती खरवडल्या तर डिपॉझिट कापेन. फ्लॅट त्याने घेतला, एका मित्रासोबत. ती पीजीतच आहे. ‘आमचं तसं काही नाही’, त्यामुळे ती तिथे राहत नाही. फक्त सकाळी सहाला अंडी घेऊन जाते.

मागच्या आठवड्यात बूस्टरसाठी एटीकेटीला दवाखान्यात नेलं, मीही गेले होते. नवीन कार्ड करायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘मालकाचं नाव?’ त्याने तिचं सांगितलं, तिने त्याचं. एकाच वेळी. डॉक्टर दोघांकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘रकाना एकच आहे. ठरवा आणि सांगा, मी तोवर इंजेक्शन भरतो.’

टेबलावर एटीकेटी थरथरत होता. एक पंजा तिने धरला होता, एक त्याने. इंजेक्शन झालं तरी रकाना कोराच होता.