मासा आजारी, की पाणी?

वैशाखातील दुपार. खामगाव-मलकापूरच्या बाजारपेठेत पारा चाळिशीच्या पुष्कळ वर गेलेला, वीज गेलेली, आणि पेढीच्या कोपऱ्यातील काचपेटीत गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत असतात. ‘भुकेले आहेत बिचारे,’ असे म्हणून कोणी तरी चिमूटभर खाद्य आणखी टाकतो. दुसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. मग दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, अंदाजाने दहा थेंब पडतात आणि उरलेलेही दगावतात. बहुतेक घरांत मत्स्यपालनाचा शेवट असाच होतो, आणि मासे ‘नाजूक’ असल्याचा निष्कर्ष काढून पेटी माळ्यावर जाते.

वास्तविक ते मासे भुकेलेही नव्हते आणि रोगीही नव्हते. त्यांना श्वास मिळत नव्हता. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी 30 अंशांवर गेले की साडेसात. गोल्डफिश हा मूळचा थंड पाण्यातला. त्यात हवेचा पंप बंद पडलेला आणि न खाल्लेले दाणे तळाशी कुजत असलेले. अशा वेळी उपाय साधा असतो: खाद्य बंद करावे, पेटी उन्हापासून हलवावी, तांब्याने पाणी वरून पुन्हा पुन्हा ओतावे. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप उन्हाळ्यापूर्वीच घेऊन ठेवलेला बरा.

म्हणून निदानाचा पहिला नियम असा, की औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पाण्याचा हिशेब पाहावा. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात व तळाच्या खड्यांत वस्तीला असलेले जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वस्ती नीट बसायला नव्या पेटीत चार ते सहा आठवडे लागतात. आणि नेमक्या त्याच काळात हौसेने एकदम डझनभर मासे सोडले जातात. कल्ले लालभडक झाले तर अमोनियाचा संशय घ्यावा, तपकिरी दिसू लागले तर नायट्राइटचा. चाचणीच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात आणि त्यांची किंमत मेलेल्या माशांहून अधिक नसते.

दिवाळीच्या साफसफाईत पेटी रिकामी करून, स्पंज नळाखाली घासून लखलखीत करण्याची पद्धत तर सर्वांत घातक. त्यात ती सारी वस्ती धुऊन जाते. त्यापेक्षा दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. पालिकेच्या नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवूनच वापरावे.

बुलढाणा जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न आणखी बारकाईने पाहावा लागतो. पाण्यापाण्यांत किती अंतर असते, हे लोणारच्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. त्या सरोवराचा सामू, म्हणजेच पीएच, दहाच्या घरात. तेथे निळे-हिरवे शैवाल बहरते, 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबीही झाले होते, पण पेटीतला गोल्डफिश तेथे टिकणार नाही. इतके टोक घरात नसते; तरी शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी खारट आहे, आणि इतरत्र काळ्या पाषाणातले पाणी बहुधा जड. सामू सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. पुण्यातल्या मित्राकडे जे चालते ते येथे चालेलच असे नाही, याचे कारण हे. खारट पाण्यावर उपाय म्हणून नुसते आरओचे पाणी भरणेही योग्य नव्हे; त्यात माशांना लागणारे क्षार उरत नाहीत आणि सामू अस्थिर राहतो. दोन्ही पाणी मिसळावे.

पाणी निर्दोष ठरल्यानंतरच रोगाकडे वळावे. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि खड्यांवर अंग घासणे, हा ‘इक’ नावाचा परजीवी. त्याची खोच अशी, की माशाच्या त्वचेत असताना औषध त्याला पोहोचतच नाही. तेथून गळून, वाढून, पाण्यात पोहू लागल्यावरच ते लागू पडते. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावर औषध थांबवणारे फसतात. ठिपके गेल्यानंतरही काही दिवस, बाटलीवरच्या सूचनेनुसार, उपचार पूर्ण करावा. परांच्या कडा झिजून फाटणे ही जिवाणूंची करामत, आणि तिच्या मुळाशीही पुष्कळदा घाण पाणीच असते. खवले उभे राहून मासा फुगणे हे आतील इंद्रिये निकामी होण्याचे चिन्ह; तेथे आशा थोडी. गोल्डफिश तिरपा तरंगत असेल, तर मात्र बहुधा अतिआहार. दोन-तीन दिवस उपवास घडवावा, मग साल काढलेला उकडलेला वाटाणा द्यावा.

औषधाचे माप थेंबांनी नव्हे, लिटरांनी ठरते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला हजाराने भागावे: 60, 30 आणि 30 यांचे 54 लिटर. त्यातून खडे-दगडांची जागा वजा करावी. फिल्टरमध्ये कोळसा असल्यास तो काढावा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

अर्धे आजार पेटीत शिरतात ते सोबत्यांच्या निवडीतून. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच मुख्य पेटीत सोडावा. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी सुखाने नांदतात. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी हवे, तेव्हा या जिल्ह्यात त्यांचा मोह टाळलेला बरा. गोल्डफिशला उष्ण पाण्यातल्या माशांबरोबर ठेवू नये. टायगर बार्ब दुसऱ्यांचे लांब पर कुरतडतात. दोन नर फायटर एका पाण्यात राहू शकत नाहीत. एंजल दिसायला सात्त्विक, पण तोंडात मावणारा मासा तो गिळतो.

गल्ल्याशेजारी भाग्यवर्धक म्हणून ठेवला जाणारा फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात संकराने घडवलेला मासा. त्याच्या कपाळावरील उंचवट्याने विक्री वाढते असे मानणाऱ्यांना विक्रेत्याची विक्री तेवढी वाढलेली दिसते. तो कोणाचीही सोबत सहन करीत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला जिवंत लहान मासे चारले जातात. ऑस्कर व अरोवाना यांचेही तेच. ज्या घरात पाणी गाळून पिण्याची रीत आहे, तेथे हा व्यवहार कसा बसतो? नुसता सोबत्यांचा प्रश्न विचारून जैन घराचे भागत नाही. आहाराचाही विचारावा लागतो. दुकानातल्या बहुतेक दाण्यांत माशांची भुकटी असते, हेही डब्यावरील बारीक अक्षरांत वाचायला मिळते. गोल्डफिश, मॉली, गप्पी यांना स्पायरुलिना, उकडलेला वाटाणा, काकडी, पालक यांवर बऱ्याच अंशी सांभाळता येते. फायटर किंवा फ्लॉवरहॉर्न यांना नाही. पाळायचेच असेल, तर निवड येथूनच सुरू व्हावी. कित्येक घरांत पेटीच ठेवत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यासारखे फारसे काही नाही.

काच साफ करतो म्हणून आणलेला बोटभर सकर फूटभर वाढतो. जड झाला की त्याला नळगंगा किंवा ज्ञानगंगेच्या जलाशयात ‘जीवदान’ देण्याचा विचार मनात येतो. तो तेथे जगतो, वाढतो, आणि तेथल्या माशांचे अन्न व जागा बळकावतो. दुकानदाराला परत करावा.

शिखरजीच्या यात्रेला निघताना शेजारच्या मुलाकडे खाद्याचा डबा सोपवू नये. निरोगी मोठे मासे आठवडाभर खाद्यावाचून सहज राहतात. मुक्काम त्याहून लांबणार असेल, तर एकेका वेळच्या खाद्याच्या पुड्या बांधून द्याव्यात, आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावावे.