छोट्या कॅनमधली वाइन आणि आपली द्राक्षं



आज फवारणीचा सल्ला नाही, थोडं माझं मत सांगतो.

मागच्या आठवड्यात दोन सभासदांनी वाइनच्या छोट्या कॅनचा फोटो पाठवला. खाली प्रश्न: "साहेब, आता वाइनची द्राक्षं लावायची का?"

न चाखता काय सांगणार? म्हणून दोन कॅन विकत आणले. सुलाची 'दिया' 330 मिलीची, अकलूजच्या फ्रातेल्लीची 'टिल्ट' 250 मिलीची. मला 'दिया' आवडली, गोडसर आणि सोड्यासारखी फसफसणारी. (हा पिण्याचा प्रचार नाही, मालाची पाहणी आहे.)

कल्पना चांगली आहे. 750 मिलीची बाटली एकदा उघडली की तीन-चार दिवसांत चव उतरते. कॅन एका माणसाला एका बैठकीत पुरतो. नवखा माणूसही घेऊन बघतो.

पण आपला हिशोब बघा 👇

किलोभर द्राक्षातून साधारण 600 ते 700 मिली वाइन निघते. म्हणजे 250 मिलीच्या कॅनला 350 ते 400 ग्रॅम द्राक्षं. किलोला 50 रुपये भाव धरला तरी एका कॅनमागे आपले फार तर 20 रुपये. बाकी पैसा कारखाना, डबा, कर, वाहतूक आणि दुकानदाराचा. डबा लहान झाला म्हणून द्राक्षाचा भाव वाढत नाही.

दुसरं, चांगल्या वाइनला आपली थॉमसन, सोनाका चालत नाही. शिराझ, शेनिन ब्लां असे वाण लागतात. मणी बारीक, आत बी. वायनरीने माल उचलला नाही तर बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. 2008 नंतरच्या मंदीत वाइनचे साठे पडून राहिले आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या. ते विसरू नका.

माझं मत स्पष्ट आहे: *लेखी करार हातात नसेल तर वाइनचं एक रोपही लावू नका.* करारात वाण, ब्रिक्स, भाव, माल उचलायची तारीख आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे सगळं पाहिजे.

मग या कॅनकडून शिकायचं काय? छोटं पाकीट! बेदाण्याचा पाच किलोचा बॉक्स ठरलेलं गिऱ्हाईक घेतं. 50 ग्रॅमचं पाकीट बसस्टँडवरचं पोरगंही घेईल. त्याला दारूचा परवाना लागत नाही, खाद्य परवान्यावर काम होतं. आपल्या भागात, शेजारी जालन्याच्या कडवंचीत द्राक्ष आहेच. मालाची अडचण नाही, अडचण पाकिटाची आहे.

चाचणीसाठी 10 किलो बेदाणा कोण देतंय? "बेदाणा" लिहून याच नंबरवर पाठवा. पाकिटं मुकुंदवाडी ऑफिसला भरू. माझं पटलं नसेल तर तेही बिनधास्त कळवा.

— तुमचा कृषी सल्लागार