पट्ट्यांचा बाजार

कराटेच्या निकृष्ट धंदेवाईक वर्गांना गर्दी होते, म्हणून पालकांना मूर्ख ठरविणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्यूदोचे कोदोकान स्थापिले व प्रगती मोजण्यासाठी श्रेणी ठरविल्या. ती पद्धत पुढे कराटेत आली. आज श्रेणीचा पट्टाच विक्रीची वस्तू झाला आहे. शिकविणारा, परीक्षक आणि शुल्क घेणारा एकच असल्यावर नापास कोण होणार? जेथे ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखविले. कसून शिकविणारा शिक्षक दोन वर्षे एकाच पट्ट्यावर ठेवतो; शेजारचा तेवढ्यात चार रंग देतो. पालकांना दिसतो तो रंग. अंधाऱ्या रस्त्याने एकट्या येणाऱ्या मुलीच्या आईला धीर हवा असतो. बाजार तो हप्त्याहप्त्याने विकतो, आणि खोटा धीर ऐन प्रसंगी घात करतो.

सुरक्षितता ही सार्वजनिक जबाबदारी आहे. नगरपालिकांनी मुलींनाही खुल्या असलेल्या व्यायामशाळा चालवाव्यात. परीक्षक शिक्षकाहून वेगळा असावा. कार्यकर्त्यांनी या मागण्या हाती घ्याव्यात. पालकांना उपदेश करून हा बाजार उठणार नाही.