गट्टी हिडीरी, सिस्टर!

दिवाळीच्या सुट्टीत नातू धारवाडहून आला होता. चकली मोडता मोडता म्हणाला, "आज्जी, मंगळाच्या वाटेवर कुणाला अपेंडिक्स झालं तर गं?" सगळे हसले. मी नाही हसले. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढलेली मी. माझ्या डोळ्यांपुढं आला तो ट्रे. चिमटे, कात्र्या, सुया, सगळं तरंगतंय! आणि गॉज मोजायचे कसे? मोजणी जुळल्याशिवाय मी कधी कुणाला पोट शिवू दिलं नाही.

नातवानं मग पुढचं सांगितलं. २७ सप्टेंबर २००६ रोजी फ्रान्समधल्या बोर्दोहून निघालेल्या विमानात डॉ. दोमिनिक मार्तां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या हातावरची चरबीची गाठ काढली. विमान उंच चढून पुन्हा खाली झुकतं, त्या कमानीत साधारण २२ सेकंद आतलं सगळं वजनरहित होतं. तेवढ्यात कापायचं, मग हात आवरून पुढच्या कमानीची वाट बघायची. डॉक्टरांनी स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतलेलं, हत्यारं लोहचुंबकाला चिकटवलेली. गाठ साधीच, भूलही तेवढ्या जागेपुरती. प्रत्यक्ष अवकाशात माणसाचं ऑपरेशन अजून झालेलं नाही.

रक्ताचं ऐकून तर मी चाटच पडले. वजन नसलं की ते वाहून जात नाही, जखमेवरच घुमटासारखं साचून बसतं. मोठी शीर तुटली तर थेंब खोलीभर. सलाईनसुद्धा आपसूक उतरत नाही, पंप लागतो. आमच्याकडं बाटली खुंटीला अडकवली की झालं!

"आता रोबो आहे की," नातू म्हणाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात बसलेल्या सर्जननी अंतराळ स्थानकावरच्या छोट्या रोबोकडून रबरबँड कापून घेतले. इथं हात हलवला की सेकंदाच्या आत तिथं हालचाल. मंगळाजवळून मात्र नुसता निरोप पोचायलाच वीसेक मिनिटं लागू शकतात, आणि उत्तराला पुन्हा तेवढीच.

वीस मिनिटं! एकदा रात्री ऑपरेशन चालू असताना लाईट गेली आणि जनरेटर सुरू होईना. आमचे सर्जन एरवी छान मराठी बोलायचे, पण अशा वेळी तोंडी कन्नडच. "गट्टी हिडीरी सिस्टर, बिडब्याडरी!" टॉर्चच्या उजेडात शिरेवर गॉज दाबून मी उभी. दोन-चार मिनिटंच असतील, पण बोटं बधिर झाली. दुसऱ्या दिवशी पेशंट चहा मागत होता.

नातवाला म्हटलं, "यानात माणसं मोजकीच. एक टेबलावर, एक कापणारा. दाबून धरणारा कोण, आणि त्याला बांधायचं कशाला?"

त्यानं फराळाचं ताट बाजूला सारलं आणि वहीत टेबलाचं चित्र काढायला बसला. सिस्टरची जागा त्यानं डोक्याशी दाखवली होती. मी पेन्सिल घेऊन ती सर्जनच्या समोर आणली.